जुना प्लग

स्कूटरचा स्पार्क प्लग स्वतः बदलावा की मिस्त्रीला पैसे देऊन बदलून घ्यावा, हा प्रश्न विचार करण्याच्या योग्यतेचा तरी आहे का, अशी शंका कोणासही येईल. काम दहा मिनिटांचे, वस्तू अंगठ्याएवढी, आणि वाचणारी मजुरी दोन-चार कप चहाच्या किमतीइतकी. तरीही आमच्या घरात या प्रश्नावर गेली चाळीस वर्षे एकमत झालेले नाही. वडिलांचे उत्तर एक होते, आईचे दुसरे, आणि माझे यथावकाश तिसरेच झाले. वरवर पाहता हा पैशांचा प्रश्न दिसतो. तसा तो मानला तर पाच मिनिटांत सुटतोही. सुटल्यावर जे शिल्लक राहते, त्याविषयी मला लिहायचे आहे.

प्लग ही वस्तू बहुतेकांनी पाहिलेली असते, पण निरखलेली नसते. बाहेर पोलादी कवच, त्यावर आटे; कवचातून आरपार गेलेला चिनी मातीसारखा पांढरा दांडा; त्याच्या गाभ्यातून जाणारी धातूची कांडी; आणि खाली त्या कांडीसमोर वाकवून आणलेले दुसरे टोक. या दोन टोकांमध्ये मिलिमीटरहूनही कमी फट असते. त्या फटीतून हजारो व्होल्टांची वीज उडी घेते, ठिणगी पडते, पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण पेटते आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. दोन-स्ट्रोक इंजिनात आसाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० ठिणग्या. एत्येन लेन्वार याने १८६० साली आपल्या वायूवर चालणाऱ्या इंजिनात विजेच्या ठिणगीचा असा उपयोग केला. पुढे १९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि प्लग यांची जोडी सिद्ध केली, आणि मोटार खऱ्या अर्थाने विश्वासाची झाली. आपल्याकडे १९५१ साली बंगळूरला मायको कंपनी स्थापन झाली. तिचे नाव २००८ साली बॉश झाले, तरी आमच्या भागातले जुने मिस्त्री अजून 'मायकोचा प्लग' असेच म्हणतात.

आमच्या घरी प्लग आला तो बजाज चेतकबरोबर. पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली ही स्कूटर बाहेर पडू लागली आणि तिला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले. पुढे कित्येक वर्षे नाव नोंदवून तिची वाट पाहत बसावे लागे. आमचा क्रमांक १९८३ साली लागला. गाडीबरोबर हत्यारांची एक लहानशी पिशवी आली होती आणि तीत प्लगपाना होता. त्या पान्याकडे मी आज निराळ्या दृष्टीने पाहतो. प्लग बदलणे हे गाडीच्या मालकाचे काम आहे, असे कारखान्याने गृहीत धरले होते. आणि ते आवश्यकही होते; कारण या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळे, प्लगवर काजळी धरे, आणि कधीकधी त्या दोन टोकांमध्ये काजळीचा केसासारखा पूल तयार होऊन भर रस्त्यात गाडी बंद पडे. दूरच्या प्रवासाला निघणारा माणूस डिकीत एक जादा प्लग ठेवीच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सरकारी कचेरीत कारकून होते, पण त्यांचे शिक्षण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत, 'कमवा आणि शिका' या योजनेत झाले होते. वसतिगृहाची विहीर उपसणे, बागेला पाणी देणे, खडी फोडणे हे सारे त्यांनी केले होते. त्यामुळे स्वावलंबन हा शब्द त्यांच्या तोंडी काटकसरीचा पर्याय म्हणून येत नसे. ज्याच्याजवळ घरची शेती नाही, ओळख नाही, फी भरायला पैसे नाहीत, त्याला ताठ उभे राहण्यासाठी जे लागते, ते त्यांच्या लेखी स्वावलंबन. हाताला कोणतेच काम माहीत नसलेला पदवीधर त्यांना अर्धवट शिकलेला वाटे. कचेरीतले सहकारी गाडी मिस्त्रीकडे सोडून रिक्षाने येत, तेव्हा अण्णा काही बोलत नसत. पण त्या दिवशी जेवताना त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचे समाधान दिसे.

महिन्याच्या एका रविवारी सकाळी अंगणात वर्तमानपत्र पसरले जाई. इंजिन पूर्ण गार झाले आहे ना, हे हात लावून पाहायचे. उजव्या बाजूचे पत्र्याचे झाकण काढायचे. प्लगच्या भोवतीची धूळ फुंकून टाकायची, कारण प्लग निघाल्यावर ती आत सिलिंडरमध्ये पडते. मग प्लग काढायचा, पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने घासायचा, आणि फट मोजायची. चेतकला ती ०.६ मिलिमीटर लागे. मोजायच्या पट्ट्या आमच्याजवळ नव्हत्या. लोखंड कापायच्या हॅकसॉचे पाते जवळपास तेवढ्याच जाडीचे असते, ते फटीत सरकवून अण्णा अंदाज घेत. परत बसवताना पान्याला हात लावायचा नाही. बोटांनीच फिरवत फिरवत तो शेवटपर्यंत न्यायचा. बोटांना अडथळा जाणवला तर उलटा फिरवून पुन्हा सुरुवात करायची. नवा प्लग असेल तर बोटांनी बसल्यावर पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, आणि जुनाच असेल तर जेमतेम बाराव्या हिश्शाएवढा.

या सावधगिरीला कारण होते. प्लग पोलादी असतो आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे. पोलादाशी झुंज झाली की ॲल्युमिनियम हरते. आमच्याच इमारतीतील एका गृहस्थांनी प्लग तिरका लावला आणि जोर करून आवळला. आटे गेले. डोके उतरवून, भोक मोठे करून, त्यात नव्या आट्यांचे बूच बसवून घ्यावे लागले, आणि त्या एका बिलात कित्येक वर्षांची वाचवलेली मजुरी गेली. आईला हे उदाहरण फार उपयोगी पडे. तिचा मूळ आक्षेप मात्र वेगळा होता. "तुम्हाला येतं म्हणून तुम्ही करता, पण दोन रुपयांसाठी त्या गॅरेजवाल्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा?" असे ती म्हणे. अण्णा त्यावर म्हणत, "माझ्या प्लगवर त्याचं पोट चालत असेल, तर ते कठीणच आहे." दोघांचेही बोलणे खरे होते, म्हणूनच ते कधी संपत नसे.

१९९१ साली मला नोकरी लागली आणि स्कूटर माझ्याकडे आली. त्या पावसाळ्यात तिने एक नवे दुखणे काढले. आठवड्याभरात प्लग काळा, ओला होई. गाडी बंद पडे. अण्णा प्लग बदलून देत. पुन्हा आठ दिवसांनी तेच. तिसऱ्या प्लगनंतर मी गाडी ढकलत भवानी पेठेच्या बाजूला असलेल्या एका गॅरेजात नेली. गॅरेज म्हणजे भिंतीला टेकवलेली ताडपत्री, एक लाकडी पेटी आणि रॉकेलची परात. तिथल्या मिस्त्रींना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "जुना प्लग कुठाय?" एवढेच विचारले. सुदैवाने अण्णा कोणतीच वस्तू टाकत नसत. मी घरी जाऊन तिन्ही प्लग आणले. उस्तादांनी ते उन्हात धरले, बोटाने पुसले, नाकाजवळ नेले. "गिअर ऑइल कमी होतंय का?" त्यांनी विचारले. ते होत होते; पण त्याचा प्लगशी काही संबंध असेल, असे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. "मग प्लगचा काही गुन्हा नाही. क्रँकचं सील गेलंय. गिअर ऑइल आत ओढलं जातंय, तेच जळतंय."

इंजिन उघडून सील बदलले. तो प्लग पुढे वर्षभर टिकला.

गाडी परत देताना उस्ताद म्हणाले, "प्लग तुम्ही घरीच बदला. ते काय मोठं काम नाही. फक्त जुना फेकू नका. मला आणून दाखवा."

अण्णा आणि आई यांच्या वादात सापडले नव्हते ते या चार वाक्यांत होते. प्लग बदलणे आणि प्लग वाचणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिले कोणालाही येण्यासारखे आहे, ते स्वतः करावे. दुसऱ्यासाठी हजारो प्लग हातांखालून जावे लागतात. पुढे काही वर्षे मी उस्तादांकडे जुने प्लग नेत राहिलो आणि त्या लिपीची बाराखडी थोडीफार शिकलो. टोकाभोवतीचा पांढरा भाग फिकट तपकिरी, कॉफीत दूध अधिक झाल्यासारखा दिसला, तर सारे ठीक. कोरडी, मखमलीसारखी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होते आहे किंवा हवेची जाळी तुंबली आहे. काळा आणि ओला असेल तर ऑइल. पांढराफटक, वर बारीक फोड आलेले, टोके झिजलेली, असा असेल तर इंजिन तापते आहे. पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा नको तेथून आत शिरते आहे, आणि आता थांबायला हवे.

यात आणखी एक खुबी आहे. प्लग पुरेसा तापला तरच स्वतःवरची काजळी स्वतः जाळतो. त्यासाठी साधारण ४५० अंश सेल्सिअस लागतात. पण ८५० अंशांच्या पुढे गेला तर ठिणगीची वाट न पाहता तोच मिश्रण पेटवतो आणि दट्ट्याला धोका होतो. म्हणून प्रत्येक इंजिनाला त्याच्या उष्णतेला मानवेल असाच 'गरम' किंवा 'थंड' प्लग लागतो. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, आटेही तेच. फरक असतो तो अंगावर छापलेल्या आकड्यात, आणि त्या आकड्यांची रीतही एक नाही. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशच्या हल्लीच्या प्लगांवर नेमके उलट. घरी प्लग बदलणाऱ्याने आट्यांइतकेच या आकड्याला जपावे.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच होती. पहिल्या दिवशी सील बदलण्याची मजुरी उस्तादांनी घेतली. पुढे नुसता प्लग दाखवायला गेलो की काहीच घेत नसत. एकदा मी पाच रुपये पुढे केले, तेव्हा ते खरोखरच संकोचले. "बघायचे कसले पैसे?" म्हणाले. आमचे डॉक्टर जीभ पाहतात, डोळ्याची पापणी खाली ओढतात, आणि आपण मुकाट्याने फी देतो. ती पाहण्याचीच फी असते. वकील कागद वाचतो, त्याचे पैसे होतात. उस्तादही वाचतच होते. मात्र त्यांचे हात काळे होते, आणि ज्याचे हात काळे त्याला केवळ हातांचेच पैसे द्यायचे, डोळ्यांचे नाहीत, हा आपल्या समाजाचा जुना संकेत त्यांनी स्वतःही स्वीकारला होता.

हा संकेत कुठून आला असावा, याचा विचार करताना मला त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथाची आठवण होते. त्यात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. सुताराने नांगर दुरुस्त केला, लोहाराने फाळ पाजवला, तर त्या त्या कामाचा रोख दाम होत नसे. सुगीला धान्याचा वाटा मिळे. हे काम मी करू की पैसे देऊन करून घेऊ, असा प्रश्न त्या व्यवस्थेत कुणब्याला पडण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न प्रत्येक कामाला किंमत लागली तेव्हा जन्मला. माझ्या आईच्या मनात जे 'पोटावर पाय' होते, ते बलुत्याच्या जगातले होते. अण्णांचे 'माझे मी करीन' हे त्या जगातून निसटून आलेल्या माणसाचे होते. त्या जगात काम जन्माने ठरे आणि त्यातून सुटका नसे, हे आपण विसरता कामा नये. शहरातले गॅरेज त्या मानाने मोकळे होते. कोणीही यावे, परात पुढे ओढावी आणि शिकावे.

पण मोकळे म्हणजे फुकट नव्हे. उस्तादांनी एकदा आपली हकीकत सांगितली. अकराव्या वर्षी ते बार्शीकडून पुण्याला आले आणि एका गॅरेजात 'पोऱ्या' म्हणून राहिले. "शिकवत कोणी नव्हतं. प्लग धुवायला द्यायचे. धुवायच्या आधी मी बघून घ्यायचो," ते म्हणाले. मग गाडीचा मालक मिस्त्रीशी काय बोलतो, गाडीत काय निघते, याकडे कान ठेवायचा आणि आपण पाहिलेल्या रंगाशी ते जुळवायचे. ज्या वयात मी पुस्तकातले धडे वाचत होतो, त्या वयात ते काजळी वाचत होते. २०१६ च्या कायदेदुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, काही अपवाद सोडता, सरसकट बंदी आली. ती यायलाच हवी होती. त्यांचे ज्ञान फार महाग पडलेले होते, आणि ते आम्हांला फुकट मिळत होते, एवढे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

दरम्यान प्लगच पालटला. दोन-स्ट्रोक स्कूटर मागे पडल्या, चार-स्ट्रोक आल्या. त्यांत पेट्रोलबरोबर ऑइल जाळावे लागत नाही, आणि आसाच्या दोन फेऱ्यांना एकच ठिणगी लागते. मोटारींत इरिडियमचे टोक असलेले प्लग आले. त्यांतले काही लाख किलोमीटरपर्यंत टिकतात. काही मोटारींत प्लगपर्यंत पोचण्यासाठीच अर्धे इंजिन मोकळे करावे लागते. तेथे घरी करण्याचा हट्ट धरू नये हेच शहाणपण. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. दुचाक्यांतही कार्बुरेटर जाऊन संगणकाने मोजून पेट्रोल सोडण्याची पद्धत रूढ झाली, आणि पुष्कळसे वाचन यंत्राकडे गेले. बजाजने २००९ साली स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. दहा वर्षांनी चेतक हे नाव परत आले ते विजेच्या गाडीवर. त्या गाडीत स्पार्क प्लग नाही. प्लग आहे तो रात्री भिंतीत खुपसायचा.

उस्तादांच्या ताडपत्रीच्या जागी आता पत्र्याचे शेड आहे आणि ते त्यांचा मुलगा चालवतो. तो आयटीआयमध्ये शिकला आहे. माझ्याकडे जुनी चार-स्ट्रोक स्कूटर आहे. तिचा प्लग मी अजून घरीच बदलतो. तो करून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या कामाची किंमत कळत नाही, असे माझे मत झाले आहे: आटे बोटांना लागणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे तो मिस्त्रीशी मजुरीवरून घासाघीस जरा विचार करूनच करतो. मागच्या वर्षी जुना प्लग घेऊन गेलो, तेव्हा भिंतीवर दरांचा फलक लागलेला दिसला. 'प्लग बदलणे' या ओळीखाली स्वतंत्र ओळ होती, 'तपासणी', आणि तिच्यापुढचा आकडा वरच्या आकड्याच्या दुप्पट होता. मुलाने प्लग भिंगाखाली धरला, रंग ठीक असल्याचे सांगितले, टोके झिजल्यामुळे पुढच्या वेळी थोडा लवकर बदला म्हणाला, आणि पावती फाडली. उस्ताद स्टुलावर बसून होते. त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवले. "जुने गिऱ्हाईक आहेत," एवढे ते पुटपुटले. "म्हणूनच ते देतील," मुलगा म्हणाला. मी पैसे दिले. इतक्या वर्षांत कोणतीही रक्कम मी इतक्या मोकळ्या मनाने दिलेली नाही.

घरी आल्यावर आईला हिशेब सांगितला. ती आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली, तरी वादात त्यांची बाजू कोणी मांडली तर तिला बरे वाटते. "म्हणजे प्लग तू बदललास, आणि पैसे त्यालाही दिलेस?" तिने विचारले. मी हो म्हणालो. ती क्षणभर थांबली. "मग ठीक आहे," ती म्हणाली, "पण हे यांना सांगितलं असतं, तर त्यांना काही पटलं नसतं." अण्णांना काय पटले असते आणि काय नाही, याविषयी मी तिच्याशी वाद घातला नाही. जुना प्लग कागदात गुंडाळून त्यांच्याच डब्यात ठेवला. पुढच्या वेळी नवा काढला की दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे, असे मुलाने सांगितले आहे.